एकाच टाक्याची दोन भोकं

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी काही वर्षं चेकिंगच्या टेबलावर होतो. गडद निळ्या टेरिकॉटवर टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो, पण सुईनं पहिल्यांदा पाडलेली भोकं कापडात राहतात. कपडा ट्यूबलाइटसमोर धरला की नव्या शिलाईशेजारी जुन्या शिलाईच्या बारीक ठिपक्यांची ओळ दिसते. चेकर तीच ओळ शोधत असतो. ती दिसली की पीस अल्टरच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, ढिगात जातो आणि वहीत नोंद होते: नाव, मशीन नंबर, तारीख.

ती वही चाळताना मला एक गोष्ट खटकायची. नवख्या मुलींची नावं रोजच यायची, त्याचं काही नाही. पण पगाराच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत अशी काही नावं दिसायची, जी एरवी वहीत सापडली नसती. हात बसलेल्या, पंधरा-पंधरा वर्षं मशीनवर काढलेल्या बायका. पगार साधारण बारा-पंधरा तारखेला व्हायचा. ठरलेली तारीख अशी नव्हतीच; व्यापाऱ्याकडून पेमेंट आलं की पगार.

एका सकाळी सिंगल नीडल मशीनवरच्या एका अक्कांनी एका बंडलातले सहा स्कर्ट उलट्या प्लीटचे शिवले. सहाही एकसारखे उलटे. मी जाऊन विचारलं, "अक्का, लक्ष कुठंय आज?" हा प्रश्न शिलाई कारखान्यात दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो आणि उत्तराची वाट कोणी बघत नाही. अक्कांनी मात्र उत्तर दिलं. "आज गटाचा वार आहे, दादा. फायनान्सची बाई येऊन बसणार. माझा हप्ता नाही आला तर बाकीच्या बायकांना उठू देत नाही ती. मशीनवर बसले तरी डोक्यात तेच. हिच्याकडून दोनशे, तिच्याकडून तीनशे."

त्या दिवशी सहा स्कर्टांचे पैसे त्यांच्या हिशेबातून कापले गेले. ती नोंद माझ्याच अक्षरात आहे.

पुढे बऱ्याच दिवसांनी ओडिशातला एक प्रयोग माझ्या वाचनात आला आणि मी थबकलो. कारण तिथेही कोणीतरी भोकंच मोजत होतं. फरक इतकाच, की कापडाच्या जागी पानं होती.

सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लईनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिल्बाख या चार अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास. तो २०२१ मध्ये पहिल्यांदा कार्यपत्र म्हणून बाहेर आला आणि पुढे 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये छापला गेला. त्यांचा प्रश्न साधा होता: पैशाची चिंता असलेल्या माणसाचा हात कामावर मंदावतो का? प्रश्न साधा असला तरी उत्तर काढणं अवघड आहे. कर्जात बुडालेला कामगार कमी काम करतो असं दिसलं, तर मालक म्हणणार की तो मुळातच कमी काम करतो आणि म्हणूनच कर्जात आहे. कामगार म्हणणार की कर्जामुळं काम होत नाही. हजेरीपत्रक आणि उत्पादनाचे आकडे कितीही ताणले तरी दोघांपैकी खरं कोण, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी माणूस तोच, काम तेच, दर तोच ठेवून फक्त चिंता कमी करून बघावी लागते.

त्यांनी तेच केलं. ओडिशात शेतीची कामं थंडावतात त्या दिवसांत ४०८ कामगारांना दोन आठवड्यांच्या करारावर कामाला घेतलं. एरवी मिळेल त्या मजुरीवर जगणारी ही माणसं. बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज. काम होतं पत्रावळी करण्याचं. ओडिशात पत्रावळी बहुधा साल वृक्षाच्या पानांच्या असतात, आपल्याकडे पळसाच्या. पद्धत एकच. पानावर पान किंचित चढवायचं, कडेला काडी टोचायची, खालून वर काढायची, जादाची मोडून टाकायची. मोबदला नगावर: जितक्या नीट पत्रावळी, तितके पैसे.

पत्रावळ कधी लावली असेल त्यांना ठाऊक आहे की हे काम दिसतं तितकं बिनडोक नाही. ताकद लागत नाही, पण प्रत्येक पानाला एक छोटा निर्णय असतो. हे पान इथं बसेल का, किती चढवायचं, काडी कुठं टोचायची. निर्णय नीट झाला तर कमी पानांत, कमी टाक्यांत गोल भरतो. लक्ष हललं की पान आखूड पडतं, मग फट बुजवायला आणखी एक पान घ्यावं लागतं. काडी चुकीच्या जागी गेली तर काढून पुन्हा टोचावी लागते, आणि तिथं एकाच टाक्याची दोन भोकं राहतात. संशोधकांनी नेमकं हेच मोजलं: एका पत्रावळीला पानं किती लागली, टाके किती पडले, दुहेरी भोकं किती राहिली. मुद्दाम कोणी जास्तीचं पान लावत नाही आणि मुद्दाम दोनदा भोक पाडत नाही. त्यात त्याचाच वेळ जातो. म्हणून या खुणा कामचुकारपणाच्या नसून हुकलेल्या लक्षाच्या आहेत. चेकरचं काम केलेल्या माणसाला या मोजमापाची किंमत कळेल. माणसाच्या मनात काय चाललंय हे विचारून कळत नाही, पण ते पानावर उमटतं.

आता पैशाकडे येऊ. सगळ्यांचा दर एक. कोण कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं नशिबावर सोडलेलं. एका गटाला सगळे पैसे कराराच्या अखेरीस. दुसऱ्या गटाला तोवर झालेल्या कामाचे पैसे करार संपायच्या सुमारे चार दिवस आधी आणि उरलेले अखेरीस. आधी हातात पडलेली रक्कम साधारण १,४०० रुपये. आकडा लहान वाटेल, पण त्या मंदीच्या दिवसांत या माणसांची जवळपास महिन्याची कमाई तेवढीच असायची. लक्षात घ्या, कोणालाही एक रुपया जास्त मिळाला नाही. बक्षीस, बोनस, मदत, यातलं काहीही नव्हतं. त्यांचेच पैसे त्यांना काही दिवस लवकर मिळाले.

पैसे हातात पडताच माणसांनी काय केलं? सावकाराकडे, दुकानदाराकडे गेली आणि देणी फेडली. घरात किराणा भरला. मग दुसऱ्या दिवशी येऊन कामाला बसली, आणि उत्पादन सुमारे ७ टक्क्यांनी वाढलं. ही वाढ मुख्यतः ज्यांची ओढाताण जास्त होती त्यांच्यात एकवटलेली होती. ज्यांचं घर त्यातल्या त्यात बरं चाललं होतं, त्यांना पैसे आधी मिळाल्यानं फारसा फरक पडला नाही.

आणि चुका कमी झाल्या. जास्तीची पानं, जास्तीचे टाके, दुहेरी भोकं, सगळंच घटलं.

ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. माणूस जोर लावून काम उरकायला लागला तर नग वाढतात, पण चुकाही वाढतात. कारखान्यात हा रोजचा अनुभव आहे. शिपमेंटची घाई असली की अल्टरचा ढीग उंच होतो. इथं गती वाढली आणि हातही स्वच्छ झाला. दोन्ही एकदम होतं तेव्हा जोर वाढलेला नसतो, डोकं मोकळं झालेलं असतं.

यावर शंका घेता येतात, आणि घेतल्याही पाहिजेत. पैसे मिळाल्यानं माणसं नीट जेवली असतील, अंगात ताकद आली असेल. किंवा मालकानं आधी पैसे दिले या कृतज्ञतेपोटी मन लावून काम केलं असेल. अभ्यासकांनी दोन्ही शक्यता तपासल्या आणि एवढ्या बदलाचा खुलासा त्यांनी होत नाही असा निष्कर्ष काढला. कृतज्ञतेबाबत तर त्यांच्या हातात एक नेमकी गोष्ट होती. पैसे कधी मिळणार हे कामगारांना आधीच सांगितलेलं होतं. खूश होऊन काम वाढवायचं असतं तर ते ऐकलं त्या दिवशीच वाढलं असतं. तसं झालं नाही. फरक पडला तो नोटा हातात आल्यावर.

इथं मी जरा थांबतो, कारण मालक लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथंच आहे. "पगार कुठं जातोय? आज ना उद्या होईलच की!" हे मी कितीदा ऐकलंय. मालकाच्या दृष्टीनं ते खरंही असतं, पैसे बुडणार नसतात. पण 'येणार आहेत' या शब्दांनी कामगाराच्या घरातली एकही गोष्ट हलत नाही. किराणावाला वहीवर आणखी लिहायला तयार नसतो. फायनान्सची बाई 'पुढच्या आठवड्यात' हे उत्तर घेऊन उठत नाही. ज्याच्याकडून उसने घेतले त्याला गल्लीत चुकवायचं असतं, आणि त्यासाठी घरी जायचा रस्ता बदलावा लागतो. हे सगळं डोक्यात ठेवून माणूस प्लीट मोजत असतो. येणाऱ्या पैशाचा भरवसा आणि खिशातला पैसा यांत त्याच्यासाठी फरक आहे, आणि ओडिशातल्या पत्रावळींवर तो फरक मोजता आला.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. नगावर काम करणाऱ्याची गती मंदावली की त्याचीच कमाई घटते. म्हणजे पैशाची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवसांत चिंता त्याच्या हातातून पैसा काढून घेते. कमाई घटली की चिंता वाढते, चिंता वाढली की पुन्हा हात मंदावतो. वर आमच्यासारखा कोणी चुकलेल्या पिसाचे पैसे कापतो. अक्कांच्या त्या सहा स्कर्टांचे पैसे कापले गेले, तेव्हा त्यांच्या हप्त्यातलं नेमकं किती गेलं असेल, हा हिशेब मी तेव्हा केला नव्हता.

चिंता डोक्यातली जागा खाते हा विचार ओडिशाच्या आधीचा आहे, आणि त्याचा गाजलेला पुरावा उसाच्या फडातून आला. 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात तमिळनाडूच्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांची दोनदा चाचणी घेतली होती. एकदा तोडणीच्या आधी, एकदा उसाचे पैसे मिळाल्यावर. आकृत्यांची कोडी आणि लक्ष एकाग्र ठेवण्याची चाचणी, इतकंच. तोच शेतकरी तोडणीआधी कोडी कमी सोडवायचा, पैसे आल्यावर जास्त. तोडणीआधी त्यांच्यातल्या ७८ टक्के लोकांनी घरातलं काही ना काही गहाण टाकलेलं होतं. नंतर फक्त ४ टक्क्यांनी. एक मजबूत बाजू अशी, की कोणाच्या उसाला कधी तोड मिळणार हे साखर कारखाना ठरवतो. त्यामुळं एकाच हंगामात, एकाच हवेत, शेजारच्या दोघांपैकी एक पैसे मिळालेला आणि दुसरा वाट बघणारा असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. नोंद कधी केली, तोड कधी आली, टोळी कधी मिळाली, बिल कधी जमा झालं, यावर तिथल्या घराचं वर्ष ठरतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात बिल १४ दिवसांत द्यावं आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं असं आहे, पण थकलेल्या एफआरपीसाठी, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या उसाच्या किमान दरासाठी, दर काही वर्षांनी रस्त्यावर उतरावं लागतं.

तमिळनाडूच्या त्या अभ्यासावर टीकाही झाली. एक आक्षेप असा की दुसऱ्यांदा चाचणी देताना सरावानंच गुण वाढले असतील. संशोधकांनी त्यासाठी काही शेतकऱ्यांना फक्त तोडणीनंतरच तपासलं होतं आणि तेच उत्तर म्हणून पुढं ठेवलं. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेत काही अभ्यासकांनी गरीब लोकांना पगाराच्या दिवसाच्या आगेमागे तपासलं, तर लक्षाच्या चाचण्यांत असा फरक आढळला नाही. म्हणून चाचणीच्या कागदापेक्षा मला पत्रावळींचा पुरावा जास्त भावतो. तिथं परीक्षेचं वातावरण नव्हतं. माणसं पोटासाठी काम करत होती आणि काम तिथंच मोजलं जात होतं.

त्याच्याही मर्यादा आहेत. पैसे आधी मिळाल्यानंतर मोजलेले दिवस मोजकेच. वर्षभर दर आठवड्याला पैसे दिले तर सात टक्के टिकतील, की माणूस त्या तारखेलाही सरावेल आणि चिंता नवी जागा शोधेल, हे या प्रयोगातून ठरत नाही. शिवाय काम नगावरचं होतं, जिथं प्रत्येक मिनिट दिसतं. बँकेतल्या, शाळेतल्या, कॉल सेंटरमधल्या माणसाचं हुकलेलं लक्ष असं पानावर उमटत नाही. ते फाइलमध्ये, चुकीच्या आकड्यात, गिऱ्हाइकावर चढलेल्या आवाजात कुठंतरी असतं, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. 'पैसे आधी द्या' म्हटलं की आपल्याकडे लगेच उचल आठवते. बीडकडचे ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग नवरा-बायकोचा एक कोयता महिनोन्महिने ती फेडत राबतो. पैसे आधीच मिळालेले असतात, तरी डोकं मोकळं होत नाही. कारण उचल म्हणजे न केलेल्या कामाचं कर्ज. हंगाम संपेपर्यंत फिटेल की नाही, आजारी पडून खाडे झाले तर काय, ही टांगती तलवार त्यासोबतच येते. ओडिशात दिले गेले ते झालेल्या कामाचे पैसे. त्यावर कोणाचा बोजा नव्हता, कोणाचे उपकार नव्हते. दोन्हींमध्ये रोख रक्कम कदाचित सारखी असेल, पण एकीनं चिंता उतरते आणि दुसरीनं चढते.

कायद्याच्या बाजूनं यात नवीन काही नाही. एक हजारांहून कमी कामगार असतील तर पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, हे १९३६ च्या वेतनाच्या कायद्यातच होतं. नुकसानीपोटी पगार कापायचा तर कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हेही त्याच कायद्यातलं. आमच्या कारखान्यात दोन्ही पाळलं जात नव्हतं. मालक दुष्ट नव्हते. त्यांचेही पैसे व्यापाऱ्यांकडे अडकायचे, आणि अडकलेल्या पैशाचा भार उतरत उतरत शेवटी सगळ्यात खालच्या माणसावर येऊन बसायचा. पण त्याची किंमत आपल्याच अल्टरच्या ढिगात मोजली जातेय, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. दिसणार तरी कसं? अल्टरच्या वहीत तारीख असते, पण ती तारीख पगाराच्या तारखेशेजारी ठेवून कोणी वाचत नाही.

मी ती ठेवून दाखवली. एका कागदावर एकीकडे पगाराचे दिवस, दुसरीकडे जुन्या हातांची अल्टरमधली नावं. हा काही प्रयोग नव्हता. त्यात चिठ्ठ्या नव्हत्या, दोन गट नव्हते, त्यामुळं त्यातून काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण मालकांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, नगाचा हिशेब आठवड्याचा करू, व्यापाऱ्याचं काय ते मी बघतो. दर शनिवारी संध्याकाळी वाटू.

हे सांगायला मी मोठ्या उत्साहानं मशीनच्या ओळीत गेलो. बायका खूश होतील असं वाटलं होतं. झाल्याही, पण शनिवार म्हटल्यावर एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी अक्काच बोलल्या. "शनिवारी नको, दादा. शनिवारी घरात पैसा आला की रविवारी घरातलेच संपवतात. गटाचा वार मंगळवार. आम्हाला सोमवारी संध्याकाळी द्या."

तेव्हापासून त्या कारखान्यात नगाचे पैसे सोमवारी संध्याकाळी, पाळी सुटताना, टेबलावर मोजून हातात दिले जातात.